पेनानं खोडलेली वजनं

सुधाकररावांच्या कॉम्प्युटर सेंटरच्या पाटीवर मनकर्णेचं नाव नव्हतं. आदिलाबादला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत घराची पुढची खोली रिकामी करून त्यांनी दोन यंत्रं मांडली होती. टायपिंग ते स्वतः शिकवत. सी किंवा युनिक्स शिकणाऱ्याचं कुठं अडलं, की "जरा पाणी पिऊन येतो" म्हणून आत जात. आत मनकर्णा भाकरी थापत असे. ते प्रश्न सांगत, ती पिठाच्या हातानंच उत्तर देई, आणि ते मिशा पुसत बाहेर येत.

"दिवसातून तीस खेपा पाणी पेते माहा पोरगा," सासू वच्छलाबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. "बायको काय खाऊ घालते त्याले, कोणाले ठाऊक."

त्यांना सगळं ठाऊक होतं.

मनकर्णा बाजारहत्नूरकडच्या एका खेड्यातली. घरी थोडी ज्वारी, थोडा कापूस. पण तिचा बाप डोमाजी शेतात कमी आणि आदिलाबादला चंपतरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर जास्त. बावीस वर्षं तो काट्यावर होता. गाडी काट्यावर चढायच्या आत तो तिच्या आखाकडे, चाकांमधल्या दांड्याकडे, बघून वजन सांगे, आणि काट्यावर फार तर दहा-वीस किलोंचा फरक निघे. शेतकरी म्हणत, डोमाजी हो म्हणाला की काटा बघायची गरज नाही. या नावाखेरीज गावात त्याला दुसरं काही नव्हतं. घर मातीचं, बैल एक, पण कुणाच्या घरात वाटणीवरून भांडण झालं की लोक त्यालाच बोलावत.

पोरगी बीएस्सी झाली तेव्हा त्यानं तिला हैदराबादला वर्षभर ठेवून कॉम्प्युटर शिकवलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. त्र्याण्णव साली सुधाकररावांचं स्थळ आलं, तेव्हा बैठकीत त्यानं एकच गोष्ट मागितली.

"पोरगी शिकलेली हाय. तिले कॉम्प्युटरवर बसू द्या."

"बसंल न," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमी का तिले उभी ठेवणार हाओत?"

लग्नानंतर मनकर्णा बसली ती चुलीपुढं. एक मुलगी झाली, ती आता तीन वर्षांची होती. यंत्रापुढं बसायला मिळे ते दुपारी, सासू झोपली की.

सत्त्याण्णव साली चंपतरावांनी जुना काटा काढून तीन इलेक्ट्रॉनिक काटे बसवले. प्रत्येक काट्याला लाल आकड्यांची एक डबी, आणि तिन्ही डब्यांच्या तारा ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरला. प्रोग्रॅम कोण लिहिणार, असं चंपतरावांनी विचारलं. डोमाजी दारात उभा होता. तो म्हणाला, "माह्या जावयाले येते."

जावयाला येत नव्हतं. मनकर्णेला येत होतं. तिनं तो भादव्यात दुपारच्या दुपारी बसून सी भाषेत लिहिला. दसऱ्यानंतर हंगामात तिन्ही काट्यांवर गाड्या एकदम चढणार, म्हणून एकाच प्रोग्रॅममध्ये तिनं तीन थ्रेड केले. थ्रेड म्हणजे एकाच घरात एकाच वेळी काम करणाऱ्या तीन बाया. एक थ्रेड एका काट्याकडं बघणार. वजन स्थिर झालं की घेणार आणि पावती छापणार.

असा प्रोग्रॅम लिहून झाला तरी एकटा चालत नाही. काट्याशी बोलायचं काम, पावती छापायचं काम आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. त्याला लायब्ररी म्हणतात. आपल्या प्रोग्रॅमला लायब्ररी जोडायचं काम लिंकर करतो. काटे विकणाऱ्यांनी दोन लायब्रऱ्या दिल्या होत्या. जुनी होती ती एका वेळी एकाच काट्याचं काम करणारी. नवी थ्रेडसाठी होती, पण तिच्यात पावती छापायचं लिहायला ते विसरले होते. तेवढ्यापुरती जुनी लागत होती.

जोडणी करायचा मुहूर्त खंडेनवमीचा ठरला, आणि मनकर्णा नेमकी त्या दिवशी बाहेरची होती. ती मागच्या पडवीत पोत्यावर बसली होती. पुढं यंत्राला हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली, जिनिंगचे दोन-चार लोक नारळ घेऊन आलेले.

"अहो," तिनं पडवीतून सांगितलं, "दोन्ही लायब्रऱ्या लागतील. नवी आधी घ्या. जुनी मागून."

"तिकडूनच बोल वं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आन् हळू बोल. पाव्हणे बसले हायत."

सुधाकररावांनी आधी एकटी नवीच जोडली. लिंकरनं पडद्यावर एक ओळ टाकली, की पावतीचं नाव कुठंच सापडत नाही. पाहुणे वाकून बघू लागले. सुधाकररावांनी घाईघाईनं काहीतरी टाइप केलं. ओळ गेली.

"झालं! एरर गेली," ते ओरडले, आणि नारळ फुटला.

पाचव्या दिवशी न्हाल्यावर तिनं विचारलं, "नवी आधी घेतली न?"

"हो न बापा. किती खेपा इचारशील?"

फ्लॉपी तोवर जिनिंगमध्ये पोचली होती.

दिवाळीपर्यंत गाड्या थोड्या आल्या आणि सगळं नीट चाललं. दिवाळीनंतर रस्त्यावर कोसभर रांग लागली. तेव्हा डोमाजीच्या लक्षात आलं, की डबीवरचे लाल आकडे एक सांगतात आणि पावती दुसरं सांगते. दहा-वीस गाड्यांत नाही. पण गर्दीच्या वेळी, दिवसातून एखाददुसरी पावती. बैलगाडीच्या पावतीवर एकतीस क्विंटल येई, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नऊ. एकतीस क्विंटल कापूस बैलगाडीत मावत नाही, हे पोरालाही कळेल.

दुसरा कुणी असता तर ऑफिसात जाऊन म्हणाला असता, यंत्र चुकते. डोमाजीला ते म्हणता येईना. यंत्र चुकते म्हणजे जावई चुकतो. मुलीच्या बापानं जावयाच्या घरचं पाणी प्यायचं नसतं आणि त्याची उणीव चार लोकांत काढायची नसते. शिवाय ते काम त्यानंच शब्द टाकून जावयाला दिलं होतं. म्हणून त्यानं खिशातलं पेन काढलं. चुकलेला आकडा खोडायचा, डबीवरचा खरा आकडा वर लिहायचा, खाली सही करायची. शेतकऱ्याला बरोबर वजन मिळे, मालकाचं नुकसान होत नसे, आणि जावयाचं नाव शाबूत राही. असं त्यानं पाच आठवडे केलं.

मार्गशीर्षात चंपतरावांनी पावत्या आणि कॉम्प्युटरची यादी शेजारी शेजारी ठेवली. एक्केचाळीस पावत्या जुळेनात. एक्केचाळीसही पेनानं खोडलेल्या. त्यांतली एक ट्रॉली डोमाजीच्या गावची होती, तिचं वजन नवाचं एकोणतीस केलेलं.

ऑफिसात सुधाकररावांना खुर्ची दिली होती. डोमाजी उभा होता.

"डोमाजी, हे कोणाचं अक्षर?"

"माहंच, मालक."

"काऊन खोडलं?"

डोमाजीनं खुर्चीकडं बघितलं नाही. "चूक झाली."

"मानसाची एक चूक होते. दोन होतात. एक्केचाळीस?"

"चूक झाली, मालक."

चंपतराव सुधाकररावांकडं वळले. "जावईबापू, तुमीच सांगा. यंत्रात काई दोष?"

"यंत्राले काऊन दोष राहील, साहेब?" सुधाकरराव म्हणाले. "यंत्राले ना भाऊ हाय, ना गाववाला."

ऑफिसातले लोक हसले. चंपतरावही हसले, आणि उठून बाहेर आले. अंगणात पन्नासेक गाड्या उभ्या होत्या. त्यांनी डोमाजीला एक नंबरच्या काट्यावर चढायला सांगितलं.

"आज याची पावती काढू. पाहू, चोराचं वजन किती भरते."

डोमाजी चपला काढून काट्यावर चढला. गाड्यांचा काटा तो, पाच-पाच किलोंनी पुढं सरकणारा. डबीवर पन्नास आलं.

"पन्नासच? माल लपवला वाटते याने," कुणीतरी म्हणालं, आणि गाड्यांवरचे लोक खिदळले. त्यांत ज्यांची वजनं त्यानं बरोबर करून दिली होती तेही होते. सुधाकरराव ऑफिसच्या पायरीवर उभे होते. आधी ते हसले नाहीत. सगळे हसताहेत हे बघून मग हसले.

डोमाजी काट्यावरून उतरला, चपला हातात घेतल्या, आणि फाटकाबाहेर पडून गावच्या रस्त्याला लागला. लेकीच्या घरावरून गेला नाही.

घरी सुधाकररावांनी हे सगळं जेवताना सांगितलं. मनकर्णा वाढत होती.

"सासराच चोर निंघाला, घे," वच्छलाबाई म्हणाल्या. "सुधाकर, ही आली तवा हिच्या अंगावरचं सोनं आपण तोलून घेतलं होतं का रे? का बापानंच तोलून देलं?"

"आत्याबाई, माह्या बानं कोणाचं बोंडही घेतलं नाही."

"नाही वं माय, बोंड नाही. क्विंटलच घेतलं."

सुधाकरराव हसता हसता ठसकले. मनकर्णेनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

मालकाला अहवाल द्यायचा म्हणून सुधाकरराव त्या पावत्या आणि यादी घरी घेऊन आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी सासू झोपल्यावर मनकर्णेनं त्या जमिनीवर पसरल्या. तिनं पहिल्यांदा बघितलं ते हे, की बापानं एकोणीस पावत्यांवर वजन वाढवलं होतं आणि बावीस पावत्यांवर कमी केलं होतं. चोर वजन कमी कशाला करील? कमी केलेल्या पावत्या जिनिंगमध्ये कुणी उलटूनसुद्धा बघितल्या नव्हत्या.

मग तिनं यादीतल्या वेळा बघितल्या. पहिली खोडलेली पावती दोन नंबरच्या काट्याची, वेळ अकरा वाजून सात मिनिटं बारा सेकंद, छापलेलं वजन एकतीस क्विंटल चाळीस. त्याच सेकंदाला तीन नंबरच्या काट्यावर ट्रॉली होती. तिचं वजन एकतीस क्विंटल चाळीस. तिनं दुसरी पावती घेतली. तसंच. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पावत्यांवर शेजारच्या काट्याचं वजन छापलेलं होतं, त्याच सेकंदाचं.

तीन बाया एका घरात काम करताहेत आणि धान्य मोजायला मापटं एकच आहे. पहिलीनं ज्वारी भरून ठेवली, ती पाठ वळवते तोच दुसरीनं तेच मापटं ओतून त्यात तूर भरली. पहिली न बघता उचलते आणि ज्वारी म्हणून तूर देते. जुन्या लायब्ररीत असं एकच मापटं होतं. नवीत प्रत्येकीला वेगळं होतं. पण नवी तर आधी जोडली होती ना?

लिंकर मागितल्यास एक यादी देतो, कुठलं नाव कुठल्या लायब्ररीतून घेतलं त्याची. मनकर्णेनं घरच्या यंत्रावर सुधाकररावांनी खंडेनवमीला टाइप केलेली ओळ शोधून काढली, तीच पुन्हा चालवली आणि यादी मागवली. वजन घ्यायचं नाव तिसऱ्या पानावर सापडलं. त्याच्यापुढं जुन्या लायब्ररीचं नाव होतं.

संध्याकाळी तिनं कागद नवऱ्यापुढं ठेवला.

"तुमी जुनी आधी घेतली."

"मंग?"

"म्या नवी आधी सांगतली होती."

"जुनी ते थोरली," सुधाकरराव म्हणाले. "थोरल्याचं ताट आधी, लहान्याचं मागून. आन् एरर तर गेली होती न?"

"एरर गेली म्हणजे बरोबर जुळलं असं नाही. लिंकरले नाव सापडलं की तो पुढं पायतच नाही. भिकाऱ्याले पयल्या दारात भाकर भेटली तर तो दुसऱ्या दारात काऊन जाईल? नवी मागं पडून राह्यली. माह्या बानं चोरी नाही केली. तुमचं यंत्र चुकत होतं, तो निस्तरत होता."

सुधाकररावांनी कागद दोनदा वाचला. मग हळू आवाजात विचारलं, "कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाही."

"मंग सांगू नको. आता नीट करून दे मले."

तिनं दोन नावांची अदलाबदल केली. एवढंच काम होतं. सकाळी सुधाकरराव फ्लॉपी घेऊन गेले. नवरा आता मालकाला खरं सांगेल, असं तिला वाटत होतं.

त्या दिवसापासून एकही पावती चुकली नाही. आठ दिवसांनी चंपतरावांनी फाटकापाशी, गाडीवाल्यांसमोर सुधाकररावांना शेला आणि नारळ दिला.

"काटे तेच, यंत्र तेच," ते म्हणाले. "फक्त एक मानूस काढला. पाहा, कसं सरळ झालं."

शेला घरी आला. वच्छलाबाईंनी तो देवाजवळ ठेवला. मनकर्णा त्याच्याकडं बघत राहिली. बापाच्या चोरीला पुरावा नव्हता. तो तिनं स्वतःच्या हातानं करून दिला होता.

"मालकाले सांगा न आता," ती रोज म्हणे.

"सीझन होऊ दे," सुधाकरराव आधी म्हणत. पुढं म्हणू लागले, "तुह्या बापानं सोताच्या तोंडानं चूक झाली म्हणलं. आता म्या काय करू?" आणि एकदा म्हणाले, "तुह्या बापाचं नाव असं कोणतं मोठं होतं, की ते बुडालं?"

गावात आता डोमाजीला वाटणीला कुणी बोलावत नव्हतं. मनकर्णेच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, एका बाईबरोबर निरोप पाठवला होता, की तो पारावर बसायचासुद्धा थांबलाय.

पौषात मालकानं पावतीवर एक नवी ओळ छापायला सांगितली: 'हाताने खाडाखोड केलेली पावती चालणार नाही.' सुधाकररावांनी ते काम मनकर्णेला दिलं. ती ओळ तिनंच टाइप केली. मग जोडताना जुनी लायब्ररी आधी घेतली आणि नवी मागं, आणि फ्लॉपी नवऱ्याच्या हातात दिली.

तिचा हिशेब साधा होता. यंत्राचा दोष शोधताना एकच वस्तू बदलतात, बाकीच्या तशाच ठेवतात. माणूस बदलला, आता पेनही चालणार नाही; तरी वजनं चुकली म्हणजे दोष यंत्रात, हे कुणालाही कळेल.

तीन दिवसांनी सुधाकरराव दुपारीच घरी आले. हात धुता धुता म्हणाले, "नवा काटेवाला, उत्तमराव, तोही चोरच निंघाला. एका ट्रॉलीचं वजन नऊ दाखवलं. मालकानं चपलेनं मारलं त्याले, सगळ्यांपुढं." मग त्यांचे हात नळाखालीच थांबले. त्यांनी वळून बायकोकडं बघितलं. "मने, तू काय करून ठेवलं?"

मनकर्णेनं पायात चपला घातल्या, दोन फ्लॉप्या घेतल्या आणि निघाली. सुधाकरराव मागून सायकल रेटत, "घरी चाल, घरी चाल" करत आले. जिनिंगच्या फाटकाशी उत्तमराव जमिनीवर बसला होता. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, गालावर चपलेचा वळ. तिच्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. ती कोण हे त्याला माहीतच नव्हतं.

चंपतरावांना तिनं सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "माह्या शब्दावर जाऊ नका. करून दाखवतो."

दोन काट्यांवर एक बैलगाडी आणि एक ट्रॉली उभी केली. यंत्रात चालू असलेलाच प्रोग्रॅम पहिल्या फ्लॉपीवर होता, तो लावून ती एकामागून एक पावत्या काढत राहिली. अकराव्या खेपेला बैलगाडीच्या पावतीवर ट्रॉलीचं वजन आलं. मग तिनं नवी लायब्ररी आधी जोडलेली दुसरी फ्लॉपी घातली. शंभर पावत्या काढल्या. एकही चुकली नाही. पुन्हा पहिली लावली. सातव्या खेपेला चुकली.

चंपतराव हुशार माणूस होते. थ्रेड आणि लायब्ररी त्यांना कळली नसेल, पण गोष्ट कळली. त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. आत ते, सुधाकरराव आणि मनकर्णा.

"म्हणजे डोमाजीनं खोडलं ते बरोबर होतं."

"हो."

"बाई, तुमच्या बापाले जे दिसलं ते त्यानं दुरुस्त केलं. पण तिन्ही काट्यांवर तो एकटा किती पाहील? जे त्याले दिसलं नाही त्याचं काय? यंत्र चुकते असं म्या म्हणलं, की दसऱ्यापासूनची हर एक पावती खोटी. पन्नास गावच्या गाड्या उद्या माह्या दारात. कापूस दुसऱ्या जिनिंगात." त्यांनी पंख्याखाली सदऱ्याची गुंडी सोडली. "यंत्र चोर निंघाल्यापेक्षा मानूस चोर निंघालेला बरा. मानूस बदलता येते."

"आन् उत्तमराव?"

"त्याले घेतो परत. त्यानं पेन नाही लावला." मग ते सुधाकररावांना म्हणाले, "आन् तुमी, जावईबापू. चोरी कबूल केल्याची सासऱ्याची लेखी कैफियत माह्या फायलीत नाही. ते आणून द्या. मंग यंत्राचं काम तुमच्याकडंच राहील. नाहीतर आणखी कोणी पाहतो. बायकोच्या हातून काम करवून घेणारे मले आणखी दोन भेटतील."

फाटकाबाहेर आल्यावर सुधाकरराव सायकलीला टेकून उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "तू घरी येऊ नको. पोरगी माह्या मायजवळ राहील. तुह्या बापाची कैफियत घेऊन आली तर दार उघडीन."

तिनं बस पकडली. सूर्य मावळायच्या आत ती माहेरी पोचली. डोमाजी अंगणात पऱ्हाटीच्या काड्या मोडत होता. ती उभ्यानंच बोलली. खरं काय झालं, ते मालकासमोर कसं सिद्ध केलं, मालक काय म्हणाले. तिला वाटलं, निदान घरात तरी बापाची मान वर होईल.

डोमाजी काड्या मोडत राहिला.

"यंत्र चुकते हे मले पयल्या आठवड्यातच कळलं होतं," तो म्हणाला.

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोलून काय भेटलं असतं? त्याचं काम गेलं असतं. त्याचा राग कोणावर निंघाला असता? माह्यावर? म्या तर पाच कोसावर राहतो." त्यानं मोळी पायानं दाबली. "म्या माहं नाव देलं अन् तुहं घर राखलं. तू चार मानसांत नवऱ्याले खाली पाहाले लावलं. आता माहंही गेलं, तुहंही गेलं."

"बा, तुमी चोर नाही."

"कोण इचारते?"

लक्ष्मीबाई दारात रडत होत्या. डोमाजी त्यांच्यावर ओरडला, की रडणं बंद कर आणि पोरीची ओटी भर. सकाळच्या पहिल्या बसनं तिला पोचवायची आहे.

सकाळी दहाला बापलेक गल्लीत आले. वच्छलाबाईंनी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आतून पोरगी "आई" म्हणून ओरडली आणि त्यांनी तिला मागच्या मागं ढकललं. सुधाकररावांनी त्यांना बाजूला केलं. डोमाजीनं टोपी काढून वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"पोरगी चुकली, जावईबापू. तिले बापाची माया आली अन् ते खोटं बोलली. म्याच चोरी केली. कैफियत लिवून घ्या."

"बसा," सुधाकरराव म्हणाले. "चहा घ्या."

"नाही जी. लेकीच्या घरचं नाही चालत."

वच्छलाबाई हसल्या. "चोरी चालते, चहा नाही चालत."

सुधाकररावांनी कागद आणला. त्यांचं मराठी अक्षर वाईट होतं, सगळं शिक्षण तेलुगूत झालेलं. डोमाजी म्हणाला, "मने, तूच लिव. तुहं अक्षर वाचता येते."

ती हलली नाही. पोरगी आजीच्या पदराआडून वाकून बघत होती. डोमाजीनं नातीकडं बोट दाखवलं. मनकर्णा खाली बसली, पाटी मांडीवर घेऊन तिच्यावर कागद ठेवला.

डोमाजीनं सांगितलं, तिनं लिहिलं. मी डोमाजी, राहणार अमुक, काट्यावर नोकरीस असताना लोभापायी पावत्यांवर खाडाखोड केली. माझे जावई यांचा अथवा त्यांच्या यंत्राचा यात कोणताही दोष नाही. काट्यावरून मी चोरलेला कापूस एकूण...

तो थांबला.

"किती लिहू?" तिनं विचारलं.

डोमाजीनं आढ्याकडं बघितलं, हाताचा पंजा उघडून त्याच्याकडं बघितलं. गल्लीतून एक भरलेली गाडी गेली, तिच्याकडं बघितलं. बावीस वर्षांत त्याला वजन विचारलं आणि तो एवढा वेळ थांबला, असं कधी झालं नव्हतं.

"काईतरी टाक," शेवटी तो म्हणाला. "तूच टाक."

"बा, किती?"

"मले नाही येत," डोमाजी म्हणाला.

मनकर्णेनं बारा क्विंटल लिहिलं. डोमाजीनं कागद हातात घेतला, आकड्यावर बराच वेळ नजर ठेवली, आणि सही केली.